इशारा पातळी

कोल्हापुरात तावडे हॉटेलपासून शिरोलीच्या फाट्यापर्यंत कुठं कुठं संडास आहे, त्यातला कुठला सकाळी सातला उघडा असतो आणि कुठल्याला आतून कडी नाही, हे २०१८ च्या दिवाळीनंतर मला तोंडपाठ झालं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीत. गाडीवरून वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता, पण मधे पंचगंगेचा पूल येतो आणि पुलावर थांबायला जागा नाही. ज्याला तशी घाई कधी लागली नाही त्याला त्या पुलाची लांबी कळायची नाही.

सुरुवात आव पडण्यानं झाली. दिवसातून तीनदा, मग पाचदा. पोटात कळ यायची, जाऊन बसलं की चमचाभर पडायचं आणि उठलं की परत कळ. पंधरा दिवसांनी रक्त दिसलं. कोल्हापुरात रक्त पडलं की मूळव्याध, याला डॉक्टर लागत नाही. चहाच्या गाड्यावर निदान होतं. आमचा मेल्टर म्हणाला, "भावा, लवंगी बंद कर आधी." फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायचा, ठेकेदार म्हणाला, "टेन्शन लई घेतोस तू. रिजेक्शन काय घरी घेऊन जायचं असतं व्हय?" आईनं कांदा-लसूण मसाल्याची बरणी माळ्यावर टाकली. मी मिसळ सोडली, तांबडा रस्सा सोडला. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला लागलो, तर त्यानं गुबारा धरून आणखी दोनदा पळायला लागलो. रक्त काही थांबलं नाही.

पहिल्या डॉक्टरांनी मूळव्याधीचं मलम दिलं. दुसऱ्यांनी अमीबा म्हणून गोळ्यांचा कोर्स दिला. आठवडाभर बरं वाटलं, म्हणून तोच परत दिला. आतून तपासलं कुणीच नाही. याच काळात माझी कंबर धरली होती आणि मी दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खात होतो. ही दुखण्याची गोळी असल्या आतड्याला आणखी चिडवू शकते, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही की ती घेतोय. एप्रिलपर्यंत वजन ७१ वरून ६२ वर आलं, हिमोग्लोबिन ९.४.

तिसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न असा विचारला जो आधी कुणी विचारला नव्हता. "रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?" जावं लागायचं, पहाटे तीनला हमखास. ते म्हणाले, "मूळव्याध माणसाला तीनला उठवत नाही." मग नाडी मोजली, ताप बघितला, दिवसातून किती वेळा हे बायकोकडून वेगळं विचारून घेतलं, कारण पुरुष माणूस आकडा कमी सांगतो असा त्यांचा अनुभव. सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि सोबत ताप, ९० च्या वर नाडी किंवा रक्त फारच कमी, असलं काही असेल तर थेट ॲडमिट करायचं. हा हिशोब ऑक्सफर्डच्या ट्रूलव आणि विट्स या दोघांनी १९५५ मध्ये घालून दिला आणि अजून चालतो. माझं रक्त कमी होतं, पण दिवसाचा आकडा सहाच्या आत आणि नाडी ८६ होती. घरी जायला मिळालं, पण आधी शौचाची तपासणी आणि आठवड्याच्या आत कोलोनोस्कोपी.

तपासणीत कॅलप्रोटेक्टिन नावाचा एक आकडा होता. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल नावाच्या जातीत हे प्रथिन ठासून भरलेलं असतं. त्या पेशी आतड्यात उतरून फुटल्या की ते शौचात सापडतं. पन्नासच्या आत असलं तर निवांत. माझं अकराशेच्या वर. संसर्गाचे जंतू मात्र सापडले नाहीत.

कोलोनोस्कोपीबद्दल लोक घाबरवतात ते नळीवरून. खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. दोन दिवस बिया, साली, पालेभाजी बंद. आदल्या दिवशी पेज, शहाळं, गाळलेलं सरबत. संध्याकाळी पावडर पाण्यात कालवून दोन लिटर, ग्लासामागून ग्लास. चव म्हणजे कुणीतरी समुद्रात लिंबू पिळलंय अशी. तिसऱ्या ग्लासानंतर मी बायकोला म्हटलं, उरलेलं बेसिनमध्ये ओत. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "परत करायला लागलं तर तुम्हीच प्यायचं आहे, मी नाही." मुकाट्यानं प्यालो. रात्री एकपर्यंत पिवळसर स्वच्छ पाणी यायला लागलं तेव्हा सुटलो.

दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन हलकंच दिलं होतं, त्यामुळे पडदा दिसत होता. मी आयुष्यभर कास्टिंगचे सरफेस बघितलेत. हाही तसाच बघितला. गुदाशयापासून आत जाताना सगळं लाल, खरखरीत, नळीचा नुसता स्पर्श झाला तरी रक्ताचे थेंब. काही ठिकाणी पांढरट चट्टे. आणि मग डाव्या बरगडीखाली जिथं आतडं वळतं, तिथं एकाएकी चित्र बदललं. पुढं गुलाबी, ओलं, चकाकणारं अस्तर आणि त्याखाली रक्तवाहिन्यांची बारीक जाळी, पिंपळाच्या जाळीदार पानासारखी. डॉक्टर म्हणाले, "बघा, इथपर्यंत आहे. पुढं चांगलं." मला तेव्हा कळलं की निरोगी आतड्यात ती जाळी दिसते आणि माझ्या खराब भागात ती पुसली गेली होती. दोन्हींमधली हद्द इतकी ठळक की चुना मारून आखल्यासारखी. दोन्हीकडचे मिळून आठ तुकडे घेतले, फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत टाकले, आणि मी बायकोच्या आधारानं बाहेर आलो.

रिपोर्ट आला: अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला स्वतःच्याच रोगप्रतिकारक पेशींनी आणलेली सूज आणि जखमा. क्रोन्स नावाचा याचा भाऊबंद तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही, सोडून सोडून आणि भिंतीच्या आरपार होतो. आपल्याकडं तो आणि आतड्याचा टीबी यांत गफलत व्हायला वेळ लागत नाही. माझा तो नव्हता. खालून सुरू झालेला, सलग, वरच्या अस्तरापुरता.

माझी भाची तेव्हा शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करत होती. रविवारी ती आली, रिपोर्ट वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबली. "मामा, हे बघ. तुझ्या ग्रंथींच्या तळाशी प्लाझ्मा पेशी दाटल्यात." मी म्हटलं, "मग? वाईट आहे?" ती म्हणाली, "वाईट-चांगलं नंतर. तू एका शिफ्टला किती मोल्ड ओततोस ते सांग."

"दोनशे-अडीचशे."

"रिजेक्शन?"

"तीन-चार टक्के. मोल्डमधलं वाळूचं कोअर ओलं राहिलं तर दहावर जातं."

"आणि दहावर गेलं की काय करता?"

यात सांगण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. रिजेक्शन वाढलं की पहिलं काम म्हणजे ओतणं थांबवायचं, भट्टीवाल्यानं कितीही बोंब मारली तरी. दुसरं, कोअरवर आणि तपासणीवर जादा माणसं टाकायची. तिसरं, खराब माल ढीग न लावता फोडून परत भट्टीत. आणि दोन शिफ्ट असं करूनही सुधारलं नाही तर लाईन बंद.

भाचीनं वहीवर थाप मारली. "पेशी नेमकं हेच करते."

पुढचा तासभर तिनं जे सांगितलं ते मी तेव्हा निम्मं समजलो आणि नंतर तिच्याकडून चार वेळा परत ऐकलं. पेशीत प्रथिनं तयार होतात ती अमिनो आम्लांची लांब साखळी म्हणून. साखळीचा काही उपयोग नसतो. ती ठरावीक घडीत बसली की कामाची. बाहेर पाठवायच्या प्रथिनांची ही घडी आंतर्द्रव्यजालिका नावाच्या भागात घालतात. तो पेशीचा मोल्डिंग शॉप समजा. तिथं मदतनीस प्रथिनं असतात. कच्ची साखळी हातात धरून तिला नीट घडी बसेपर्यंत सांभाळतात. त्यातला एक मोठा मदतनीस म्हणजे बिप. आणि भिंतीत तीन पहारेकरी: आयआरई-१, पर्क आणि एटीएफ-६.

यातली मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट पहारेकऱ्यांना जागं कसं करतात ही. एरवी बिप त्यांना चिकटून बसलेला असतो आणि तो बसलाय तोवर ते झोपलेले. शॉपमध्ये घडी चुकलेल्या प्रथिनांचा ढीग वाढला की बिप तिकडं धावतो. शेजारचा उठून गेला की पहारेकरी जागे होतात. म्हणजे वेगळा भोंगा नाही, वेगळा फोन नाही. मदतीला माणूस कमी पडला हीच खबर. आमच्याकडं हेच होतं. सुपरवायझरच्या टेबलाशी चहा पीत उभा असलेला फिटर दिसेनासा झाला की समजायचं, लाईनवर काहीतरी झालंय.

जागे झाल्यावर तिघं वेगवेगळी कामं करतात. पर्क ओतणं थांबवतो: नवीन प्रथिनं बनवण्याचा वेगच कमी करतो. आयआरई-१ एक्सबीपी-१ नावाच्या निरोपातून २६ अक्षरं कापून टाकतो. तेवढी कापली की तो निरोप वाचता येतो आणि त्यातून तयार झालेलं प्रथिन जादा मदतनीस, जादा जागा, खराब माल मोडायची जादा सोय असं सगळं मागवतं. एटीएफ-६ दुसऱ्या खात्यात जाऊन तुटतो आणि त्याचा तुकडा तसंच काम करतो. एवढं करूनही निभावलं नाही आणि ताण, म्हणजे घडी चुकलेल्यांचा हा ढीग, लांबला, तर पेशी स्वतःला संपवते. या पहाऱ्यातली पहिली वाट, आयआरई-१ ची, यीस्टवर काम करून क्योटोच्या काझुतोशी मोरींनी आणि कॅलिफोर्नियाच्या पीटर वॉल्टर यांनी वेगवेगळं शोधली; दोघांना २०१४ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला. यीस्ट म्हणजे पावात घालतात तेच. माझ्या आतड्याचं बोलणं पावाच्या यीस्टपर्यंत पोचलं तेव्हा मिसळीची आठवण येऊन मला फार वाईट वाटलं.

आता रिपोर्टमधली ती ओळ. प्लाझ्मा पेशी म्हणजे अँटिबॉडीचा कारखाना. एक पेशी सेकंदाला हजारो अँटिबॉडी बाहेर टाकते, आणि प्रत्येक अँटिबॉडी चार साखळ्यांची, नीट घडी घालून जोडलेली. इतकं ओतकाम म्हटल्यावर पहारा लागणारच. लॉरी ग्लिमचर यांच्या प्रयोगशाळेनं २००१ मध्ये दाखवलं की एक्सबीपी-१ नसेल तर प्लाझ्मा पेशी घडतच नाहीत. म्हणजे हा ताण काही आजार म्हणून आलेला नाही; त्या पेशीचा धंदाच तसा आहे. माझ्या ग्रंथींच्या तळाशी असे कारखाने एरवीच्या कितीतरी पट उभे राहिले होते.

"मग बिघडतं कुठं?" मी विचारलं.

ती म्हणाली, दोन ठिकाणी बघ. एक, अस्तर. तिथल्या गॉब्लेट पेशी चिकट थर बनवतात, तो थर जंतूंना अस्तरापासून लांब ठेवतो. त्याचं मुख्य प्रथिन अवाढव्य. घडी चुकायला भरपूर जागा. ज्या उंदरांत ते प्रथिन मुळातच चुकीचं बनतं, त्यांच्या गॉब्लेट पेशी ताणाखाली येतात, थर विरळ होतो आणि कोलायटिस होतो. २००८ मध्ये बॉस्टनच्या रिचर्ड ब्लुमबर्ग यांच्या गटानं उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून फक्त एक्सबीपी-१ काढून टाकला, तर बाकी काही न करता छोट्या आतड्याला आपोआप सूज आली. पहारेकऱ्याचा निरोप्या काढला आणि कारखाना पेटला.

दुसरं ठिकाण म्हणजे रोगप्रतिकारक पेशी स्वतः. मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी आतड्यात एरवी शांत असतात; असायलाच हव्यात, कारण पलीकडं कोट्यवधी जंतू कायम नांदतात. पण थर विरळ झाला, जंतूंचे तुकडे अंगावर आले की त्या चेततात, आणि चेतताना आयआरई-१ लाही कामाला लावतात. २०१० मध्ये हे दिसलं: मॅक्रोफेजमध्ये घडी चुकलेल्यांचा ढीग नसतानाही जंतूंची चाहूल घेणारे रिसेप्टर आयआरई-१ ला चालू करतात, आणि एक्सबीपी-१ सुजेचे निरोप, म्हणजे टीएनएफ आणि आयएल-६, जास्त बनवायला मदत करतो. कारखाना वाचवायला ठेवलेली यंत्रणा इथं भोंगे बनवायच्या कामाला जुंपली जाते.

पर्कची बाजू तर आणखी मजेची. पेशीत सुजेचा मुख्य खटका एनएफ-कप्पा-बी. त्याला एक कुलूप लावलेलं असतं, पण ते कुलूप टिकत नाही. रोज नवीन बनवावं लागतं. पर्कनं ओतणं थांबवलं की नवीन कुलपंही बनायची थांबतात, जुनी झिजून जातात आणि खटका मोकळा. मी हे ऐकून हसलो. आमच्याकडं एकदा मालकानं खर्च कमी करायचा म्हणून सगळ्या नवीन खरेद्या बंद केल्या, त्यात स्टोअरची कुलपंही आली, आणि महिन्यात तांब्याची तार चोरीला गेली.

भाचीनं एक सूचना मात्र पहिल्या दिवसापासून दिली होती. हे सगळं उंदरांत आणि काचेच्या बशीत फार स्वच्छ दिसतं. माझ्या आतड्यात आधी थर विरळ झाला की आधी पेशी भडकल्या, हे कुणी सांगू शकत नाही. टीएनएफ अस्तराला ताण देतं, ताणलेलं अस्तर जंतू आत घेतं, जंतू परत टीएनएफ वाढवतात. कोंबडी आधी की अंडं.

मला या सगळ्यातून एक गोष्ट हाताला लागली आणि ती मी घट्ट धरून ठेवली. सहा महिने प्रत्येक जण मला "टेन्शन घेऊ नको" म्हणत होता. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला, पण अर्थ असा होतो की हे तू ओढवून घेतलंस. आता भाचीच्या वहीत सगळीकडं स्ट्रेस, म्हणजे ताण, हाच शब्द होता, आणि तो माझ्या डोक्यातला नव्हता. तो घडी चुकलेल्या साखळ्यांचा होता. मनाचा ताण आतड्याला काहीच करत नाही असं नाही. आजार उसळायला तो हातभार लावू शकतो, डॉक्टरही तसं म्हणाले. पण फेटलिंगच्या ठेकेदाराला जो ताण माहीत होता आणि पर्कला जो माहीत होता, ते दोन वेगळे. नावात फसलो सगळे.

उपचार सुरू झाले. अस्तराची सूज उतरवणाऱ्या मेसालामाईनच्या गोळ्या आणि त्याचाच एनिमा. रात्री डाव्या कुशीवर झोपून घ्यायचा आणि मग हलायचं नाही. टीव्ही उजवीकडं होता, तो बायकोनं दुसऱ्या दिवशी हलवला. सोबत प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम. हे स्टेरॉइड म्हणजे एकेका भोंग्यामागं न धावता सगळ्या वायरीच काढून टाकण्यासारखं. चौथ्या दिवशी रक्त कमी झालं, आठव्या दिवशी मी पूल न थांबता आणि न घाबरता ओलांडला. पण झोप उडाली, भूक वाघासारखी, तोंड सुजून गोल झालं. खासबागेजवळ एक जुना दोस्त भेटला, म्हणाला, "तालीम लावलीस काय रं?" मी हो म्हटलं. आठवड्याला पाच मिलिग्रॅम असं उतरवत जूनअखेर ते बंद झालं. मधे स्वतःच्या मनानं सोडायचं नाही, शरीराची स्वतःची यंत्रणा तोवर झोपलेली असते, हे डॉक्टरांनी तीन वेळा बजावलं होतं.

उतरवताना २० च्या खाली येताच थोडं रक्त परत दिसलं, म्हणून ॲझाथायोप्रिन सुरू केलं. गर्ट्रूड इलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या कामातून आलेलं औषध. दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते लिम्फोसाईट नावाच्या रोगप्रतिकारक पेशींचं विभाजन रोखतं, म्हणजे नवीन कामगारभरती बंद. परिणाम दिसायला दोन-तीन महिने. धोका असा की भरती गरजेपेक्षा जास्त बंद झाली तर पांढऱ्या पेशी घसरतात, आणि आपल्या आशियाई लोकांत एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकातल्या फरकामुळे हे जास्त घडतं. त्यामुळे पहिले काही आठवडे दर सोमवारी रक्त. लॅबमधल्या पोरानं पाचव्या सोमवारी विचारलं, "काका, कार्ड काढू काय बसच्या पाससारखं?"

आता माझ्या मूर्खपणाचं. जुलैत भाचीनं बोलता बोलता आणखी एका पहारेकऱ्याचं नाव घेतलं: जीसीएन-२. हा घडीकडं बघत नाही, कच्च्या मालाकडं बघतो. अमिनो आम्लं कमी पडली की हाही पर्कसारखाच ओतणं थांबवतो. दोघांचा खटका एकच. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या गटानं २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये छापलं की ज्या उंदरांत जीसीएन-२ नाही त्यांना कोलायटिस जास्त वाईट होतो. त्यांच्या पेशी आतला कचरा नीट मोडून काढत नाहीत, त्यातून इन्फ्लमेझोम नावाची यंत्रणा पेटते आणि आयएल-१ बीटा नावाचा सुजेचा निरोप वाढतो. आणि जीसीएन-२ शाबूत असलेल्या उंदरांना अमिनो आम्लं कमी असलेलं खाणं दिलं तर त्यांची सूज कमी राहते.

मी शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं. माल कमी म्हणजे सूज कमी! दुसऱ्या दिवसापासून अंडी बंद, डाळ नुसतं वरचं पाणी, मटण बंद, कडधान्य बंद. कुणाला सांगितलं नाही. भात, बटाटा, केळं, साबुदाणा. तीन आठवड्यांत तीन किलो उतरलो, जिना चढताना मांड्या थरथरायला लागल्या, रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन खाली आलं. डॉक्टरांना वाटलं आजार उसळला. कॅलप्रोटेक्टिन तर खाली येत होतं. मग आहारतज्ज्ञ बाईंनी काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं असं विचारत मला कोपऱ्यात गाठलं.

त्या रागावल्या नाहीत, हिशोब मांडला. आतड्याला सूज असताना माणसाला प्रथिनं कमी लागत नाहीत, जास्त लागतात: किलोमागं दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम. माझ्या ६० किलोला ७२ ते ९० ग्रॅम. मी तीस तरी खात होतो की नाही शंका. ज्या अस्तराला जखमा भरायच्या आहेत त्याचा मालच मी अडवून धरला होता. घरी भाचीचा फोन आला, आईनं तिला कळवलं होतं. "मामा, मी उंदरांचं सांगत होते! त्यांना पाण्यातून रसायन पाजून कोलायटिस देतात, मोजून खाणं देतात, काही दिवसांत प्रयोग संपतो. तुला वर्षानुवर्षं जगायचंय." मग थोडं थांबून म्हणाली, "मला सांगायला तरी पाहिजे होतंस." ती रडवेली झाली होती. चूक माझी, आणि लागलं तिला. त्या संध्याकाळी दोन उकडलेली अंडी खाल्ली, बायको समोर बसून बघत होती.

आणि मग ऑगस्ट आला. कोल्हापूरकराला २०१९ चा ऑगस्ट सांगावा लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका. आम्ही लहानपणापासून हे दोन आकडे पाढ्यांसारखे ऐकतो. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. कुंभार गल्लीत पाणी शिरायच्या आदल्या रात्री आम्ही निघालो. आईनं देव घेतले, बायकोनं कागदपत्रं, मी औषधांची पिशवी: गोळ्या महिनाभराच्या, एनिमा सहा. राजारामपुरीत बहिणीकडं गेलो. नऊ माणसं, एक संडास.

शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, फौंड्री बंद, दूध नाही, पेट्रोलला रांगा, आणि नळालाही पाणी नाही. शहराला पुरानं वेढलेलं आणि प्यायला टँकर. माझं सगळं लक्ष बादल्यांवर. पहिल्या रात्री मी झोपलोच नाही; आता उसळणार, आता उसळणार, असं पोटावर हात ठेवून पडलो. भाची शेजारच्या गादीवर मोबाईलच्या उजेडात पातळी बघत होती. म्हणाली, "मामा, तुला ताणाचं एवढे दिवस नीट समजावता आलं नाही बघ. ३९ ला काय करतात? लोकांना सांगतात, होड्या काढतात, जनावरं हलवतात. गावं टिकावीत म्हणून. ४३ च्या पुढं तेच लोक गाव सोडून जायला सांगतात. पेशीचंही असंच. तोच पहारा, पातळी किती आणि किती दिवस टिकली यावर त्याचं काम पालटतं." मी म्हटलं, "आणि ५५ ला?" ती काही बोलली नाही. खिडकीतून पाऊस ऐकू येत होता.

सहा एनिमा सहा रात्री पुरले. नऊ माणसांत डाव्या कुशीवर झोपायला जागा मिळावी म्हणून दाजी स्वतः दोन रात्री स्वयंपाकघरात झोपले. घर पाण्यात, पगार मिळणार की नाही माहीत नाही, फौंड्रीतल्या भट्टीचं काय झालं माहीत नाही. आयुष्यातलं सगळ्यांत मोठं टेन्शन त्या आठवड्यात होतं, आणि आतडं गप्प राहिलं. दिवसातून दोनदा, रक्त नाही. मी हे ठेकेदाराला मोठ्या विजयानं सांगितलं. भाचीनं मात्र लगेच विजय काढून घेतला: एका माणसाच्या एका आठवड्यावरून काही सिद्ध होत नाही, शिवाय तेव्हा ॲझाथायोप्रिनचा असर चढायची वेळ झालीच होती.

पाणी ओसरल्यावर कुंभार गल्लीतल्या घरात गुडघाभर गाळ होता. जुने रिपोर्ट कपाटात खालच्या कप्प्यात राहिले होते, त्यांचा लगदा झाला. पहिल्या बायॉप्सीची ती प्लाझ्मा पेशींची ओळ आता फक्त भाचीच्या वहीत आहे.

पुढच्या वर्षी जानेवारीत परत दोन लिटर, परत नळी. यावेळी पडद्यावर गुदाशयापासूनच जाळी दिसायला लागली, थोडी विस्कटलेली, पण होती. कॅलप्रोटेक्टिन ८४. मिसळ खातो, कट वेगळा घेऊन बेतानं. तिखटानं आजार होत नाही हे डॉक्टरांनी सांगितलंय, पण माझं पोट त्या सकाळी काय म्हणतं ते मी आधी विचारतो. डायक्लोफेनॅकला हात लावत नाही. फौंड्रीत रिजेक्शन सातवर गेलं की मीच ओतणं थांबवतो, दहाची वाट बघत नाही, आणि भट्टीवाला माझ्या नावानं शिव्या घालतो.

आजार सुरू होऊन आठ वर्षं झाली की कॅन्सरची चाहूल लागते का ते बघायला ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी करत राहायची असते. माझी आठ वर्षं २०२६ च्या दिवाळीला भरतात. भाची आता पुण्यात संशोधन करते. तिला मी कळवलं, तर तिचा निरोप आला: "पावडर संत्र्याच्या चवीची पण मिळते मामा, विचारून बघ."